पोचले बाबा

भडंगवाले चौगुले हटूनच बसले होते. आपल्या संकेतस्थळाच्या नावात त्यांना गणपती हवा होता, वडील हवे होते, गाव हवं होतं आणि जमलंच तर बायकोसुद्धा हवी होती. घरी बसून त्यांनी नाव तयार करूनच आणलं होतं : श्रीगजाननकृपाबाबूरावचौगुलेभडंगसांगली.

"बायको राहिली की हो," हेमांगी म्हणाली.

"तीच बसंना कुठं."

"बरं. आता हे एका दमात म्हणून दाखवा."

चौगुल्यांनी छाती फुगवली आणि बाबूरावापाशी त्यांचा दम सुटला. शेजारच्या टेबलावर अक्षता कोष्टीनं हसू लपवायला पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"तुमचं तुम्हाला म्हणता येईना, मग गिऱ्हाईक काय म्हणणार?" हेमांगी म्हणाली. "तो बिचारा दमून घरी आलाय, पोरगं किरकिर करतंय, पाहुणे दारात आहेत. त्या घाईत त्याच्या तोंडात जे येईल ते तुमचं नाव."

"पण वडलांचं नाव..."

"वडलांचा फोटो लावा दुकानात, रोज हार घाला. चौगुले, नाव आपल्याला मिरवायला नसतं. दुसऱ्याच्या जिभेवर बसायला असतं."

तासभर कुरकुर करून चौगुले 'लसणी भडंग' वर आले आणि जाताना म्हणाले, "आत्याबाई, तुमच्यापुढं कुणाचं काय चालायचं!"

गावातली सगळी गिऱ्हाइकं हेमांगी पाटणकरला आत्याबाईच म्हणायची. विश्रामबागेत, औषधाच्या दुकानावरच्या माडीवर तिचं आणि अक्षताचं छोटं ऑफिस होतं. संकेतस्थळांना नावं शोधून द्यायची, हा धंदा. पाटी होती 'बारसं'. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, तेव्हा ही आत्याबाई. लोक प्रेमानं म्हणायचे, आणि ती हसायची. खरोखर जिची ती आत्या होती ती मुलगी तिसरं वर्ष लागलं तरी तिच्याशी बोलत नव्हती, हे एका अक्षतालाच ठाऊक होतं.

नावांना एवढा भाव का आला, ते आधी सांगायला पाहिजे.

एक काळ असा होता की माणसानं काहीही विचारावं आणि यंत्रानं हजार पानं समोर टाकावीत. मग ती पानं लिहायलाही यंत्रंच लागली. शेवटी अशी गत झाली की चांगला दंतवैद्य शोधायला जावं, तर शंभरातले नव्वद दंतवैद्य जन्मालाच आलेले नसायचे. लोकांचा शोधण्यावरचा विश्वास उडाला. घराघरांतल्या भिंतीत आता एक बोलका डबा असतो, त्याला सगळे 'कान' म्हणतात. नाव उच्चारायचं, दोन्हीकडं हिरवा दिवा लागतो, त्या नावाची जागा उघडते आणि तिच्या मालकाशी तिथल्या तिथं बोलताही येतं. नाव ठाऊक नसेल तर काही उघडत नाही. त्यामुळं ज्याचं नाव तोंडात येतं तो जगतो आणि बाकीचे माशा मारतात.

दुसरी गोष्ट खोट्या आवाजांची. कुणाचंही दहा मिनिटांचं बोलणं मिळालं की त्याचा आवाज हुबेहूब बनवता यायला लागला. मुलाच्या आवाजात आईला फोन, साहेबाच्या आवाजात कारकुनाला फोन. लोक इतके पोळले की प्रत्येकानं आपलं दार लावून घेतलं. आपण ज्याला आत घेतलंय त्याचाच निरोप पोचतो, बाकीच्यांचा फोन नाही, चिठ्ठी नाही, काही नाही. एखाद्याला एकदा दाराबाहेर काढलं की त्यानं बाहेरून कितीही ठोठावलं तरी आत टिचकीसुद्धा ऐकू येत नाही. कुणाला जाऊन गाठायची सोयच उरली नव्हती. त्यानं आपणहून आपलं नाव घ्यावं म्हणून वाट बघत बसायचं, एवढंच हातात होतं.

हेमांगीला मिथिलानं दाराबाहेर काढलं होतं.

मिथिला तिच्या भावाची, श्रीरंगची मुलगी. बारशाला पाळण्यापाशी वाकून हेमांगीनंच तिच्या कानात कुर्र केलं होतं, आणि भोवतीच्या बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत असे धपाटे घातले होते की दोन दिवस पाठ दुखत होती. मिथिला लहान असतानाच तिची आई गेली. हेमांगीनं लग्न केलं नव्हतं. ती आपली बॅग घेऊन भावाकडं आली ती कायमचीच.

श्रीरंग एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. कुठली गाडी लागली, कुठली सुटली, कुठली पोचली, हे माइकवरून सांगायचं त्याचं काम, आणि आवाज असा खणखणीत की पलीकडच्या भाजीबाजारात बायका त्याच्यावर घड्याळ लावायच्या. घरी मात्र हा गडी धास्तावलेला असायचा. माणूस घराबाहेर पडलं की लगेच केर काढू नये, अशी आपल्याकडं रीत आहे. लोक तास-दोन तास पाळतात. श्रीरंग ते माणूस मुक्कामी पोचेपर्यंत पाळायचा. मिथिला कॉलेजला पुण्याला निघाली की घरातल्या केर काढणाऱ्या चकतीचं बटण तो बंद करायचा आणि फोनपाशी बसून राहायचा. मग फोन वाजायचा, पलीकडून मिथिला म्हणायची, "पोचले बाबा." आणि हा म्हणायचा, "पोचलीस? काढतो मग केर." बाकी काही बोलणं नाही. पुढं ती पीएच.डी.साठी फिनलंडला, औलूला गेली तेव्हा घराला सलग दोन दिवस केरसुणी लागली नव्हती. हेमांगी करवादली होती, "अरे, पोरगी विमानात आहे आणि इथं मुंग्या लागल्यात!" तरी त्यानं ऐकलं नाही.

आणि एका सकाळी माइक हातात असतानाच श्रीरंग खाली कोसळला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मिथिलाची शेवटची परीक्षा तोंडावर आली होती. चार वर्षांच्या कामावर परीक्षकांपुढं उभं राहून बोलायचं होतं, तेही दुसऱ्या शहरात जाऊन. घरात जमलेल्या प्रत्येकानं तेच सांगितलं. थोरले काका म्हणाले, शेजारच्या वहिनी म्हणाल्या, स्टँडवरचे लोक म्हणाले, "आत्ता सांगू नका. परीक्षा होऊ दे. येऊन ती करणार काय?" आपल्याकडं असंच करतात. आजवर कितीतरी मुलांनी पेपर देऊन घरी आल्यावर दारातली गर्दी बघितली असेल. पण पूर्वी नुसतं लपवता यायचं. हेमांगीच्या हाताशी त्याहून जास्त होतं. श्रीरंगचा आवाज स्टँडवर वर्षानुवर्षं नोंदलेला होता, निरोप फोनमध्ये होते, आणि असा आवाज बनवून देणाऱ्या सेवा गल्लोगल्ली झाल्या होत्या.

आठवडाभर श्रीरंग मुलीशी बोलत राहिला. रोज संध्याकाळी, थोडंसंच. "अभ्यास झाला का? काळजी करू नकोस." परीक्षेच्या गावी पोचल्यावर मिथिलाचा फोन आला, "पोचले बाबा." आवाज म्हणाला, "शाब्बास. जेवलीस का?" हेमांगी स्वयंपाकघराच्या दारात तोंडात पदर कोंबून उभी होती.

परीक्षा उत्तम झाली. मग हेमांगीनं सांगितलं.

मिथिला एवढंच म्हणाली, "म्हणजे पोचले म्हणून मी सांगितलं कुणाला?"

त्यानंतर दार लागलं. विद्यापीठातून ती गेली, पत्ता बदलला. ओळखीच्या चार जणांना तिनं बजावून ठेवलं की आत्याला काही कळवायचं नाही, आणि ते चौघं शब्दाला जागले. हेमांगी घरात एकटी उरली. अजूनही दुपारी घड्याळाकडं बघून तिच्या तोंडून निघून जायचं, "श्री, गोळी घेतलीस का रे?" एकटेपणाची तिला लाज वाटायची. पन्नाशी उलटलेल्या बाईनं एवढं काय म्हणून रडायचं, असं ती स्वतःला बजावायची आणि तरी रडायची.

आता एका यंत्राचं सांगायला पाहिजे. नावं पारखायला ऑफिसात 'ओठावर' नावाचं यंत्र होतं. त्यामागचं शास्त्र तसं जुनं आहे. कुणी 'चहा' म्हटलं आणि पुढं 'बिस्किट' आलं, की मेंदू स्वस्थ असतो. 'चहा' च्या पुढं 'हातोडा' आला, की अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते : अरे, हे काय मधेच? डोक्याला पट्टी बांधून ती लाट मोजता येते. 'ओठावर' बनवणाऱ्यांनी हजारो माणसांच्या अशा लाटा गोळा केल्या आणि यंत्राला उलटं शिकवलं. जिथं लाट उठतच नाही तो शब्द माणसाच्या ओठावर आधीच आलेला असतो. तो हुडकून काढ. पुढं पुढं यंत्राला पट्टीचीही गरज राहिली नाही. एका माणसाचं पुरेसं बोलणं ऐकवलं, की अमुक वेळी त्याच्या तोंडून काय निघेल हे ते सांगू लागलं. अर्थात एकट्यादुकट्या माणसावर, त्याला न विचारता, ते चालवायला बंदी होती. पहिल्याच दिवशी अक्षतानं ते लाल अक्षरात भिंतीवर लावलं होतं.

अक्षता जेवायला खाली गेली होती तेव्हा हेमांगीनं मिथिलाचे जुने सगळे निरोप यंत्रात घातले. शाळेच्या सहलीपासूनचे. आणि विचारलं, ही मुलगी एकटी असेल, घरची आठवण येईल, तेव्हा तिच्या तोंडून कुठलं नाव निघेल? तेच नाव आपण घेऊन ठेवायचं, असं तिच्या मनात होतं.

यंत्रानं नावं दाखवली. पहिलं 'बाबा'. मग 'बाबांचा आवाज'. मग लहानपणी पाळलेलं मांजर, मग शाळेजवळचा बर्फगोळ्याचा गाडा. हेमांगी खाली खाली बघत गेली. आत्या कुठं नव्हतीच.

"हेमाताई, काय केलंत हे?" अक्षता मागं उभी होती. ती चिडली होती, पण पडद्याकडं बघून तिचा आवाज उतरला.

"मी नाहीये गं त्यात," हेमांगी म्हणाली. "गोळेवाला आहे आणि मी नाहीये."

"अहो, यंत्र आहे ते. जे बोललं गेलं त्याच्यावर चालतं. रोज उठून जिच्याशी बोलायचं तिचं नाव निरोपात कशाला येईल?"

हे खरं होतं आणि त्यानं काही बरं वाटलं नाही. 'बाबा' नाव कधीच गेलेलं होतं, तिथं कुणीतरी बुवा बसला होता. 'बाबांचा आवाज' हे तर आवाज बनवणाऱ्यांच्याच एका कंपनीचं होतं. हेमांगीनं ते सगळं पुसून टाकलं आणि अक्षताला म्हणाली, "चुकलं माझं. परत नाही करणार." तिनं परत केलंही नाही.

आधी स्वतःच्या अकलेनं तिनं दोन नावं घेऊन बघितली होती. पहिलं 'मिथिलाची आत्या'. दुसरं 'मिथू ये'. दोन्ही जागा ओस पडून होत्या. पुढं एका सकाळी अक्षता ऑफिसात आली, पर्स टेबलावर टाकली आणि इचलकरंजीला फोन लावला. "पोचले गं आई. हो. ठेवते." हे ती रोजच करायची. हेमांगी रोज ऐकायची. त्या दिवशी मात्र तिच्या हातातला चहा तसाच राहिला.

"अक्षता, मी महामूर्ख आहे."

"का हो?"

"सगळ्या गावाला सांगत फिरते, नाव दुसऱ्याच्या जिभेवर बसायला असतं. आणि मी काय नाव ठेवलं? मिथू ये! हे माझ्या तोंडातलं आहे. तिच्या तोंडातलं कुठं आहे?"

प्रवास कंपन्यांनी 'सुखरूप' घेतलं होतं, 'पोचलीस का' घेतलं होतं, 'पोचल्यावर कळव' घेतलं होतं. सगळ्यांनी वाट बघणाऱ्याच्या बाजूनं विचार केला होता. पोचणाऱ्याच्या बाजूचं नाव कुणी घेतलं नव्हतं. दुपारपर्यंत 'पोचले बाबा' हे नाव हेमांगीच्या नावावर झालं.

"पण ताई, बाबा नाहीत हे ठाऊक असताना ती कशाला म्हणेल?" अक्षतानं विचारलं.

"श्रीला गोळी घेतलीस का म्हणून मी अजून विचारते. जिभेला कुठं कळतं माणूस गेलंय ते? कधीतरी नव्या जागी जाईल, दार उघडेल, बॅग टाकेल. निघेल तोंडून."

खरा पेच पुढंच होता. ती म्हणेल आणि जागा उघडेल. उघडल्यावर तिला काय ऐकू येईल?

अक्षतानं जरा चाचरतच सांगितलं, "श्रीरंगदादांचा आवाज अजून त्या सेवेकडं असेल. तो ठेवला तर ती थांबेल तरी. तुमचा ऐकला तर..."

"तर बंद करेल, आणि पुन्हा ते शब्द तोंडातून काढणार नाही. माहितीय मला."

घरी जाऊन हेमांगी भिंतीतल्या कानापुढं बसली. श्रीरंगचा आवाज मागवायला एक शब्द पुरला असता. एकदाच, तिला थांबवण्यापुरता, असं मनात येऊन गेलं. त्या आठवड्यातही ती असंच म्हणाली होती, परीक्षेपुरतं. तिनं तोंड धुतलं, पाणी प्यायली आणि आपल्याच आवाजात बोलली :

"बाबा नाहीत. श्रीरंग पाटणकर वारले. सकाळी, स्टँडवर, काम करता करता. मी त्यांची बहीण हेमांगी. हे ज्या दिवशी सांगायला हवं होतं त्या दिवशी मी सांगितलं नाही, खोटा आवाज लावला. ते माझं चुकलं. तू पोचलीस, बरं झालं. मी इथं आहे. बोलायचं नसेल तर बोलू नकोस."

पुन्हा ऐकून बघायचा तिला धीर झाला नाही. तसंच ठेवून दिलं.

आठ दिवसांत हिरवा दिवा लागला. तिच्याच घरातल्या भिंतीतून आवाज आला, "पोचले बाबा." हेमांगी धावली. आवाज कुणा भलत्याच मुलीचा होता. तिनं निरोप ऐकला आणि म्हणाली, "सॉरी हं मावशी, माझं चुकून उघडलं. माझे बाबाही नाहीत. हॉस्टेलवर आले आणि सवयीनं..." हेमांगीनं तिला विचारलं, जेवणाची सोय आहे का तिथं. मग दोघी खाणावळीबद्दल बोलत बसल्या.

त्यानंतर दिवा लागतच राहिला. नागपूरची एक, बेळगावची एक, मस्कतमध्ये नर्स असलेली एक. ज्यांचे वडील होते त्या हसून बंद करायच्या. ज्यांचे नव्हते त्या कधी कधी थांबायच्या. काही नुसत्या ऐकून जायच्या, एक अक्षर न बोलता; कोण होतं ते कळायला मार्ग नसायचा, कारण दारातून पाहुण्याचा पत्ता दिसत नाही. अशी कुणी गेली की हेमांगीचा दिवस वाईट जायचा. ती मिथिला असेल का? असेल तर किती ऐकून गेली असेल?

धंद्यात नाव झालं. 'बाबांचा आवाज' वाल्या कंपनीचा माणूस माडी चढून आला. गुळगुळीत बोलणारा, कपाळाला गंध.

"मॅडम, काय नाव काढलंत! आमच्याकडं द्या. विचार करा, मुलगी पोचते, 'पोचले बाबा' म्हणते, आणि तिचे बाबा तिला उत्तर देतात. पुण्य लागेल तुम्हाला."

"मी दिलंय ते उत्तर एकदा," हेमांगी म्हणाली. "या तुम्ही."

"आम्ही नाव मिळवायला दुसरेही मार्ग..."

"अहो, या म्हटलं ना! जिना उतरताना जपून, शेवटची पायरी मोडकी आहे."

तो गेल्यावर अक्षता म्हणाली, "आता ते तुम्हाला फसवायला बघतील हं. तुमच्या भाचीचा आवाज बनवतील, नाव सोडून दे म्हणायला लावतील. सांभाळा." मिथिलाचा आवाज कुठं कुठं पडलेला असेल, कुणास ठाऊक. म्हणजे आता ती आली तरी ती तीच आहे हे कशावरून?

रविवार होता. सकाळची अकराची वेळ. हेमांगी मटार सोलत बसली होती. कोपऱ्यात केर काढायची चकती वेळ झाली म्हणून टुकटुक करत होती आणि हेमांगी तिला म्हणत होती, "थांब गं बाई, सालं तरी उचलू दे." तेवढ्यात हिरवा दिवा लागला.

"पोचले बाबा."

दमलेला, बसलेला आवाज. हेमांगीच्या मांडीवरचं ताट कलंडलं. पुढं तिचाच निरोप वाजायला लागला : बाबा नाहीत, श्रीरंग पाटणकर वारले. तो शेवटपर्यंत वाजला. दिवा विझला नाही.

"आत्या?"

बाकीच्या मुली मावशी म्हणायच्या, काकू म्हणायच्या. आत्या कुणी म्हटलं नव्हतं. आणि त्याच क्षणी कंपनीचा तो गंधवाला हेमांगीच्या डोळ्यांपुढं आला. तिच्या तोंडून निघालं, "कोण?"

आता ही जाणार, हेमांगीला वाटलं. आपण आपल्या हातानं घालवली.

"बरोबर आहे, विचारणारच तू," आवाज म्हणाला. "हे नाव तू ठेवलंस ना?"

"हो."

"वाटलंच. दुसऱ्या कुणाला सुचायचं नाही." मग ती सांगायला लागली, "पहिल्यांदा चुकून उघडलं, तेव्हा मी लगेच बंद केलं. म्हटलं, आता परत बाबांचा आवाज येणार. मग एकदा मुद्दाम उघडलं. 'बाबा नाहीत' एवढं ऐकलं. आज सगळं ऐकलं."

हेमांगी उठून उभी राहिली.

"मी माफबीफ केलेलं नाही, आत्या."

"नको करूस."

"तो डबा मला म्हणाला, जेवलीस का. मला तेव्हाच खटकलं होतं. म्हटलं, बाबा दमले असतील. जेवणाचं कधी विचारायचे का ते? ते केराचं बोलायचे."

हेमांगी खाली बसली, सांडलेल्या मटारांतच. केराचं कुठल्या निरोपात नव्हतं, कुठल्या यंत्रात नव्हतं. ते नुसतं फोनवर बोललं जायचं, आणि ते बोलणारा एक गेला होता, ऐकणाऱ्या दोघीच उरल्या होत्या.

"मिथू," ती म्हणाली. "मला आठवलंच नाही गं तेव्हा. सांगितलं असतं तर त्या खोट्या आवाजानं तेही म्हटलं असतं."

"बरं झालं नाही आठवलं ते. ते तरी खरं राहिलं."

दोघीही रडत होत्या आणि दोघीही ते लपवत होत्या.

"कुठं पोचलीस?" हेमांगीनं शेवटी विचारलं, आणि लगेच म्हणाली, "नसेल सांगायचं तर राहू दे."

"नवीन घर आहे. खोकी तशीच पडलीत. कुठं ते आत्ता नाही सांगत." मग मिथिला म्हणाली, "परत म्हटलं तर उघडं असेल?"

"असेल."

कोपऱ्यातली चकती पुन्हा टुकटुकली. ते पलीकडं ऐकू गेलं असावं.

"केर काढलायस का आज?"

"नाही अजून."

"मग काढ आता," मिथिला म्हणाली. "पोचले मी."

हिरवा दिवा विझला. हेमांगीनं डोळे पुसले, एकेक मटार वेचून ताटात भरला, चकतीचं बटण बंद केलं आणि स्वतःच केर काढायला दारामागची केरसुणी हातात घेतली.